भूमध्यसागर आणि भातखाचर : घरच्या बागेची एक समीक्षा

(चांदे, ता. मुळशी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय ऐकून आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, आयुष्यभर कांट शिकवलात, आता बागकाम शिकवणार की काय?" आम्ही म्हटलं, शिकवणार कसले! आमची एक बाग फसली आहे, तिची कैफियत मांडणार आहोत. (हशा) तत्त्वज्ञानाच्या माणसाची पद्धतच ती. आधी रीतसर चूक करायची आणि मग तिच्यावर तासभर बोलायचं.

एक खुलासा आधीच करतो. बोलताना आम्ही 'आम्ही' म्हणू, ती प्राध्यापकी ऐट समजू नका. बाग आमच्या सौ.नी आणि आम्ही मिळून केली. त्यामुळे तिचं श्रेय आणि तिच्यातल्या चुका, दोन्ही अनेकवचनी आहेत.

विषय असा : घराच्या अंगणात भूमध्यसागरी पद्धतीची बाग. हिंजवडीकडून नांदे-चांद्याकडे येताना रस्त्याच्या कडेच्या पाट्या तुम्ही रोज पाहता. पांढऱ्या भिंती, निळी दारं, जांभळ्या फुलांचे ताटवे, मातीचा मोठा रांजण आणि मागे आपलाच डोंगर. या पाट्यांवर काय विकायला काढलं आहे? प्लॉट, असं तुम्ही म्हणाल. आमचं म्हणणं, तिथे एक चित्र विकायला काढलं आहे, आणि त्या चित्राची समीक्षा कोणी करत नाही. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर घरोघरी होते. बाग पाहिली की मात्र आपण "वा, छान!" म्हणतो आणि चहा घेतो. वास्तविक बाग हीसुद्धा माणसानं रचलेली गोष्ट आहे. ती काहीतरी म्हणत असते. मग कवितेला विचारतो ते प्रश्न तिलाही विचारले पाहिजेत. आम्ही तीन विचारतो. ती काय म्हणते? ज्या जागी म्हणते तिथे ते खरं आहे का? आणि त्या म्हणण्याची किंमत कोण देतं?

आधी आमची हकिगत सांगतो, कारण दुसऱ्याच्या बागेवर टीका करण्याआधी आपली दाखवावी.

निवृत्तीनंतर आम्ही इथे पाच गुंठ्यांवर छोटं घर बांधलं. मुलगी परदेशात. तिच्याकडे गेलो असताना दक्षिण फ्रान्सची आठ दिवसांची सहल झाली. तिथल्या एका घराचं अंगण सौ.च्या मनात बसलं. परत आल्यावर त्यांनी मासिकातलं तसंच एक चित्र कापून फ्रीजवर लावलं आणि आम्ही त्या चित्राबरहुकूम कामाला लागलो. एका रोपवाटिकेतून लव्हेंडरची चोवीस रोपं आणली, रोझमेरीची सहा, ऑलिव्हची दोन झाडं, सरूसारखी उभी वाढणारी पाच. मधल्या जागेत पांढरे गोटे पसरले. कंपाउंडची भिंत चुन्यानं पांढरीशुभ्र केली. हे सगळं जानेवारीत. मेपर्यंत बाग इतकी देखणी होती की मुलीला रोज फोटो जायचे.

मग आला जून. म्हणजे तो येणारच होता. आमच्या नियोजनात तेवढा तो नव्हता. (हशा) जुलैच्या मध्यावर लव्हेंडरची खालची पानं काळी पडली, मग देठं मऊ झाली, मग वास बदलला. गणपतीपर्यंत चोवीसातली तीन उरली. भिंत ऑगस्टमध्ये हिरवी झाली आणि दिवाळीत काळी. ऑलिव्ह चार वर्षं जगली, त्या काळात एकदाही फुलली नाहीत. मग एका पावसाळ्यात बुंध्याशीच कुजली.

इथपर्यंतची हकिगत विनोदी आहे. पुढची नाही.

आमच्या कंपाउंडच्या खालच्या अंगाला भाताची खाचरं आहेत. त्यातलं पहिलं खाचर एका वयस्कर बाबांचं. पहिल्याच पावसाळ्यात, आवणीच्या दिवसांत, एका सकाळी बाबा फाटकाशी उभे. अंगावर इरलं, हातात घमेलं, घमेल्यात आमचे पांढरे गोटे. अंगणातल्या उतारावरून पाणी धावलं होतं आणि त्याबरोबर गोटे भिंतीखालच्या नाळीतून थेट खाचरात गेले होते. बाबा रागावले नव्हते, आवाजसुद्धा चढवला नाही. घमेलं खाली ठेवून म्हणाले, "सर, तुमचे खडे. आवणीला पायाला लागतात." एवढं बोलून गेले.

चिखलात अनवाणी, वाकून, दिवसभर उलटं चालत रोप लावणाऱ्या बायामाणसांच्या पायाखाली आमचं दक्षिण फ्रान्स गेलं होतं. नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना पुष्कळ उदाहरणं दिली असतील, पण इतकं नेमकं एकही दिलं नव्हतं. तिथून हा विचार सुरू झाला.

आता पहिला प्रश्न. भूमध्यसागरी बाग काय म्हणते?

त्यासाठी पाऊस पाहावा लागतो. रोमला वर्षाकाठी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे शहराला साधारण ७०० च्या पुढे. म्हणजे बेरजेत फारसा फरक नाही. फरक कधी पडतो यात आहे. रोमचा पाऊस प्रामुख्यानं शरद आणि हिवाळ्यातला. जुलै तिथला सगळ्यात कोरडा महिना. आपला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि आपला जुलै म्हणजे धो-धो. चांदे शहराच्या पश्चिमेला, त्यामुळे पाऊस आणखी जास्त; ताम्हिणीकडे जाल तसा तो कैक पटींनी वाढतो. एकाच बेरजेची ही दोन पंचांगं आहेत, आणि ती एकमेकांच्या उलट आहेत.

भूमध्यसागरी वनस्पतीचं सगळं शरीर त्या पंचांगावर बेतलेलं आहे. उन्हाळा आला की तिला माहीत असतं, आता तीन-चार महिने पाणी नाही. म्हणून पानं बारीक, जाड किंवा लव असलेली. लव पांढुरकी, म्हणजे ऊन परतवणारी. पानात सुगंधी तेल. थंडीत पाऊस येतो तेव्हा ती वाढते, वसंतात फुलते, उन्हाळ्यात डोळे मिटून बसते. जमीन बहुधा चुनखडीची, दगडाळ, पाणी धरून न ठेवणारी. आपल्याकडे उष्णता आणि पाणी एकाच वेळी हजर होतात. ते रोप विश्रांतीला बसलेलं असतं आणि आपण त्याच्या पायाशी चार महिने डबकं करून ठेवतो. आमच्या लव्हेंडरच्या मरणात गूढ काही नव्हतं.

तिथली बाग ही त्याच उन्हाळ्याला माणसानं दिलेलं उत्तर आहे. थोडकं पाणी, पुष्कळ ऊन, तरी घराबाहेर सुखानं बसता आलं पाहिजे, काय करावं? मांडव घालावा, त्यावर द्राक्षाचा वेल चढवावा. भिंतींनी सावली कोंडून धरावी. मधोमध थोडंसंच पाणी ठेवावं, पण ते दिसावं, ऐकू यावं. ग्रानाडाच्या जनरालिफेमध्ये एका लांब चौकाच्या मधून पाण्याचा पाट नेला आहे. त्या चौकाला 'पातिओ दे ला असेकिया' म्हणतात, आणि असेकिया हा शब्द अरबीतल्या 'अल-साकिया'वरून आला. म्हणजे आपला पाटच. हिरवळीचा गालिचा तिथे परंपरेनं नाही. लॉन ही ढगाळ, रिमझिम पावसाच्या देशातली गंमत आहे. आपल्याकडे जे 'मेडिटेरेनियन' आराखडे विकले जातात त्यांत मात्र मधोमध लॉन असतेच. हे म्हणजे अभंगाच्या कार्यक्रमात मधेच लावणी. दोन्ही उत्तम, पण कोणीतरी कार्यक्रमपत्रिका वाचलेली नाही.

आता दुसरा प्रश्न : इथे ते खरं आहे का? इथे दोन टोकं आम्हाला टाळायची आहेत.

एक टोक स्वदेशीचं. "परदेशी झाडं कशाला? आपली लावा." हे ऐकायला बरं वाटतं, पण शुद्धतेचा आग्रह धरला तर खुद्द भूमध्यसागरच नापास होईल. त्या निळ्या दारावरची बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. कॉमेर्सों नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं ती १७६७ साली ब्राझीलमध्ये गोळा केली आणि जहाजाच्या कप्तानाचं, बोगनव्हिलचं, नाव तिला मिळालं. घायपात आणि फड्या निवडुंग मेक्सिकोच्या बाजूचे. लिंबाचं कूळ तर आशियातलं, आपल्या ईशान्येच्या आसपासचं. ते पश्चिमेला प्रवास करत गेलं. म्हणजे पोस्टकार्डावरचं अर्धं भूमध्यसागर पाहुणं आहे. आणि उलटं पाहा. कण्हेर तिथल्या कोरड्या ओढ्यांत रानोमाळ वाढते आणि आपल्याकडे शंकराला वाहिली जाते. आपल्या आज्या ज्या मरव्याची पानं गजऱ्यात गुंफायच्या तो मरवा म्हणजे युरोपातलं मार्जोरम. त्याचं मूळ सायप्रस-तुर्कस्तानच्या बाजूचं. तेव्हा झाड कुठून आलं, हा प्रश्नच नाही. इथे येऊन ते कसं राहिलं, हा प्रश्न आहे.

दुसरं टोक चित्राचं, आणि आम्ही त्याचे बळी. इथे आमच्या कांटला थोडा वेळ द्या, जास्त घेत नाही. १७९० सालच्या त्याच्या सौंदर्यविचारावरच्या ग्रंथात तो कलांची वर्गवारी करतो. तिथे तो उद्यानकलेला चित्रकलेच्या घरात बसवतो. का? कारण ती डोळ्यांसाठी आहे. चित्रकार रंग मांडतो तशी ती गवत, फुलं, झाडं मांडते. आम्ही हे वर्षानुवर्षं शिकवलं आणि कधी शंका घेतली नाही. आज आम्हाला वाटतं, कांट इथे बागेच्या फाटकातूनच पाहून परत गेला. चित्र एकदा पुरं झालं की पुरं होतं. बाग जूनमध्ये वेगळी, ऑक्टोबरमध्ये वेगळी. चित्र ज्या भिंतीवर टांगाल तिथे तेच राहतं. बाग जागेशिवाय असूच शकत नाही. आणि चित्रातून पाणी वाहून शेजाऱ्याच्या खाचरात जात नाही.

याचं मोठं उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा उभं राहिलं. इटलीतल्या पोर्तोफिनो या बंदरगावाचा नमुना त्यासाठी समोर ठेवला होता, हे सर्वश्रुत आहे. २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं दिलेली काम थांबवण्याची नोटीस, २०१८ मध्ये सुरू झालेली दिवाळखोरीची प्रक्रिया, हे सगळं वर्तमानपत्रांत आलेलं आहे, त्यात आज शिरत नाही. आमची टीका वाचकाची आहे. पोर्तोफिनोची ती रंगीत घरं समुद्राला चिकटून उभी आहेत, कारण ते कोळ्यांचं नैसर्गिक बंदर. भूमध्यसागराला भरती-ओहोटी अगदी थोडी. तिथलं पाणी काठाला सोडून जात नाही, म्हणून घर पाण्यापर्यंत आणता येतं. वरसगावचा जलाशय पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत उतरतो, कारण ते पाणी खडकवासल्याच्या साखळीतून पुण्याच्या नळांना जायचं असतं. पोर्तोफिनोतल्या रंगांची नक्कल करता येते. त्या रंगांना समोरच्या पाण्याचा जो भरवसा आहे, त्याची कशी करणार?

नक्कल मुळातच वाईट असंही नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून प्रेरणा घेतलेली बाग आहे, पु. ल. देशपांडे उद्यान. तिथे आम्ही आवडीनं जातो. पण ती सार्वजनिक बाग आहे. आपण तिकीट काढून घटकाभर दुसऱ्या देशात जातो आणि घरी येतो. तिची निगा राखायला माणसं आहेत. घरच्या बागेतून घरी यायला जागा नसते. तिच्यात बारा महिने राहावं लागतं.

चांगला प्रवास कसा होतो याचं इंग्लंडमधलं एक उदाहरण आम्हाला फार आवडतं. बेथ चॅटो नावाच्या बाई होत्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एसेक्समधल्या आपल्या जुन्या गाडीतळाच्या जागेवर खडीची बाग केली. त्यात पुष्कळ झाडं भूमध्यसागरी स्वभावाची. नियम एकच, बाग रुजली की वरून पाणी घालायचं नाही. ती टिकली. का टिकली? एसेक्स हा इंग्लंडचा कोरडा कोपरा, आणि त्या जागेची जमीन मुळातच खडी-वाळूची. बाईंनी आधी जागा वाचली, मग झाड निवडलं. आम्ही आधी फ्रीजवरचं चित्र वाचलं. (हशा)

आणि आता जे सांगणार आहोत ते आम्हाला फार उशिरा सुचलं, याची लाज वाटते. भूमध्यसागराचं मराठीत उत्तम भाषांतर आधीच झालेलं आहे. ते बंगलेवाल्यांनी केलेलं नाही, शेतकऱ्यांनी केलं आहे.

द्राक्ष घ्या. युरोपात वेल थंडीत झोपतो, वर्षातून एकदा छाटतात, फळ सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. आपल्याकडे त्या वेळी वेल पावसानं भिजलेला. मग नाशिकच्या बागाईतदारानं काय केलं? वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोरड्या हवेत. पाहुण्याचं पंचांगच बदलून टाकलं.

डाळिंब घ्या, सोलापूरचं. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार. कोणता बहार धरायचा हे पाणी पाहून ठरवायचं आणि त्याआधी झाडाला ताण द्यायचा. ताण देणं म्हणजे काय? पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, झाडाला विश्रांती घ्यायला लावायची. मंडळी, हा भूमध्यसागरी उन्हाळाच आहे! तो इथे ज्या महिन्यात हवा त्या महिन्यात शेतकरी हातानं आणतो. आणि आपल्याच जिल्ह्यातलं पुरंदरचं अंजीर, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे खट्टा आणि मीठा असे दोन बहार. अंजीर, डाळिंब, द्राक्ष : भूमध्यसागराच्या काठचं हे सगळं जुनं वैभव सासवड, सोलापूर, नाशिकच्या बाजारात पाट्यांनी येतं. त्याला कोणी 'मेडिटेरेनियन स्टाइल' म्हणत नाही.

भाषांतर करणाऱ्याला दोन भाषा याव्या लागतात. शेतकऱ्याला झाडाची भाषा येत होती आणि नक्षत्रांचीही. आम्हाला तेव्हा फक्त कॅमेऱ्याची येत होती.

आता तिसरा प्रश्न, किमतीचा. थोडा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण एका गुंठ्याच्या लॉनला उन्हाळ्यात रोज चौरस मीटरमागे पाच लिटर धरा. रोजचे ५०० लिटर. मार्च ते मे नव्वद दिवस धरले तर ४५,००० लिटर. दहा हजारांचे साडेचार टँकर, एका गुंठ्याच्या गवतासाठी. ते पाणी कुठल्या तरी विहिरीतून, कुठल्या तरी बोअरमधून येतं, आणि मे महिन्यात ज्या वाडीची विहीर तळ गाठते ती आपल्या कंपाउंडच्या आत नसते. आता उलट हिशेब. शंभर चौरस मीटरचं छप्पर, ७०० मिलिमीटर पाऊस. सत्तर हजार लिटर पाणी आपल्या पन्हळीतून दरवर्षी जातं. जे पाणी फुकट आलं ते आम्ही खाचरात गोट्यांसकट ढकललं, आणि जे नव्हतं ते विकत घेतलं.

मुळशीत हा विषय काढताना जपूनच बोललं पाहिजे. १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला तो याच मातीत. ते पाणी आजही पश्चिमेला भिऱ्याकडे उतरून वीज तयार करतं. दिवे मुंबईत लागले आणि खाचरं बुडाली ती मावळ्यांची. आमच्या गोट्यांची त्या धरणाशी तुलना करणं हास्यास्पद आहे, ते आम्ही करत नाही. पण प्रश्नाचा आकार तोच आहे. एकाच्या देखण्या कल्पनेचं ओझं उतारावरच्या दुसऱ्याच्या शेतात जाऊन पडतं. या तालुक्यात राहायला येणाऱ्यानं एवढा इतिहास तरी घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा.

मग आम्ही काय केलं? बाग मोडली का? नाही. भूमध्यसागरी बागेचा प्रश्न अर्धा आपलाही आहे. मार्च ते मे इथेही कोरडंच असतं. राहिलेला अर्धा, म्हणजे चार महिन्यांचं अति पाणी, त्याचं उत्तर तिथे नाही. ते खाचरात आहे. खाचर म्हणजे काय हो? उतारावर बांध घालून, पाण्याला पायरी-पायरीनं थांबवत, एकाकडून दुसऱ्याकडे हलकेच सोडणं. बाबांच्या परवानगीनं आम्ही त्यांच्याकडूनच ते शिकलो. अंगणाच्या तीन पायऱ्या केल्या, दगडी बांध घातले. छपराचं पाणी टाकीत, टाकी भरली की शोषखड्ड्यात, आणि उरलेलं गाळून, सावकाश खाली. बाबांनी परत आणलेले गोटे त्याच शोषखड्ड्यात भरले. त्यांना काम मिळालं.

वरच्या पायरीवर मुरूम आणि दगड घालून उंच वाफे केले, पाणी ठरणार नाही असे. तिथे रोझमेरी टिकली आहे. शेजारी मरवा, गवती चहा, तुळस. हिवाळ्यात दवणा लावतो. चैत्रात जोतिबाला जो वाहतात तोच. मंडळी, दवण्याचं ते रुपेरी, लव असलेलं पान आणि तो वास! ज्या वासासाठी आम्ही लव्हेंडरमागे धावलो तो इथे चैत्राच्या यात्रेत चार जुड्या करून विकला जात होता. लव्हेंडर अजून ठेवतो, पण कुंडीत आणि एका मोसमापुरती. दिवाळीत शेवंती आणतो तशी ऑक्टोबरात आणतो. पावसाळ्यात जगली तर नशीब, गेली तर तक्रार नाही. दाराशी अंजीर. डाळिंबाचं एकच झाड, फुलांसाठी. इतक्या पावसात फळाला तेल्याचा त्रास होतो, त्याची हाव सोडली. बोगनवेल आहेच, उन्हाळ्यात तिच्यासारखी बिनपाण्याची सोबत नाही. भिंत पांढरी केली नाही, काळा दगड उघडा ठेवला. पावसाळ्यात त्यावर शेवाळं येतं आणि ते शोभतं. लॉन नाही. एप्रिलमध्ये अंगणातलं गवत पिवळं पडतं, आम्ही ते पडू देतो. हे सर्वात अवघड गेलं. पिवळं गवत म्हणजे आपला आळस, अशी पाहुण्यांची समजूत असते. आम्ही सांगतो, बाग ताणावर आहे.

आणि मधला चौक. पॉम्पेईच्या जुन्या घरांत मधोमध उघड्या छपराखाली चौकोनी टाकं असायचं, पावसाचं पाणी त्यात पडायचं. आपल्या वाड्यांच्या चौकात काय वेगळं होतं? चारी बाजूंनी उतरतं छप्पर, मधे आकाश, हौद, तुळशीवृंदावन. सौ. म्हणाल्या, "फ्रान्सपर्यंत कशाला गेलो आपण? वाईला माझ्या माहेरी हेच होतं." आम्ही म्हटलं, फ्रान्सपर्यंत गेलो म्हणून तर वाई दिसली. हे आम्ही त्यांची समजूत काढायला म्हटलं नाही, खरंच तसं आहे. दुसऱ्याची शैली नीट वाचली की आपली दिसायला लागते. वाचली नाही, नुसती चिकटवली, तर दोन्ही दिसत नाहीत. आमची सगळी समीक्षा एवढीच आहे.

वेळ झाली आहे. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : म्हणजे महाराष्ट्रात ऑलिव्ह लावूच नये का?)

'लावूच नये' असं आम्ही कोणाला सांगणार नाही. राजस्थानात २००७-०८ च्या सुमारास इस्रायलच्या तांत्रिक साहाय्यानं ऑलिव्हची लागवड झाली. बिकानेरकडे पाऊस कमी आणि हिवाळा चांगला कडक. ऑलिव्हला फुलायला थंडी लागते. आपल्याकडे पाऊस जास्त आणि थंडी बेताची. लावायचं असेल तर पाहुणा म्हणून लावा, फळाची अपेक्षा ठेवू नका, पाय कोरडे ठेवा. आणि आमचं बुंध्याशी कुजलेलं खोड पाहायचं असेल तर या. त्यावर घेवड्याचा वेल चढवलाय.

(प्रश्न, गावातल्या एका ताई : सर, खालच्या खाचरात आता पाणी येतं का तुमच्याकडनं?)

येतं, ताई. पण आता दमानं येतं, आणि गाळून येतं. गेल्या आवणीला आम्ही दोघं बाबांच्या बांधावर उभे होतो. आत उतरायला आमचे गुडघे तयार नाहीत. बाबांनी पायानं चिखल चाचपला आणि म्हणाले, "बरंय." त्यापलीकडे अभिप्राय आम्ही मागितला नाही.